शेडची स्वतःची डीबी

वारणेच्या खोऱ्यात घराला लागून पत्र्याची शेड असतेच. पुढं ट्रॅक्टर किंवा गाडी, मागच्या कोपऱ्यात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, एखादा कॉम्प्रेसर. ट्रॉलीचा हुक तुटला तर माणूस दुसऱ्याची वाट बघत बसत नाही, स्वतः जोडून घेतो. ऑइल इंजिनं घडवून कोल्हापूरच्या उद्यमनगरानं जो हात कमावला, तो आज वारणानगरच्या घराघरांतल्या शेडांत दिसतो आणि मला त्याचा अभिमान वाटतो. घोर लागतो तो या शेडांत वीज कशी नेलीय ते बघून. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमधून निघालेली वायर खिडकीतून बाहेर पडते, पत्र्याच्या कडेनं बांधत शेडमध्ये येते आणि फळीवरच्या बोर्डात संपते. मशीन वाढत जातात, वायर तीच राहते.

आमच्या शेडला वेगळी डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी पेटी, बसवायचं ठरलं. वायरमन आला तेव्हा मी त्याला कुठलं मशीन कुठं ठेवणार ते दाखवायला लागलो. तो म्हणाला, "काका, मशीन मागनं बघू. आधी अर्थिंग कुठं हाय ते दावा, आन् लाइटबिल आणा." बिलावर मंजूर भार छापलेला असतो. घरातला फ्रिज, पंप, गिझर आणि वर शेड, हे सगळं त्यात बसतंय का, हा पहिला प्रश्न. बसत नसेल तर भार वाढवून घ्यायचा. शेडमध्ये पैसे घेऊन कामं होणार असतील तर घरगुती दर चालतो का ते आधी विचारून घ्या, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं.

मग वायर. मीटरच्या बोर्डापासून शेड ३० मीटर असेल तर वीज जाऊन-येऊन ६० मीटर तांब्यातून फिरते. अडीच एमएमच्या वायरवर २० अँपिअर ओढले की जवळजवळ ९ व्होल्ट वाटेतच जातात. सहा एमएमवर चारसुद्धा जात नाहीत. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज आधीच कमी असलेल्या संध्याकाळी कॉम्प्रेसर घरघरतो, उचलत नाही आणि वाइंडिंग तापतं. दोष मशीनला दिला जातो.

डीबीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती दिव्यांची वेगळी लाइन. ग्राइंडरचं बटण सोडल्यावरही चाक काही सेकंद फिरत राहतं. त्याच एमसीबीवर, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, दिवा असेल, तर ती पडली की अंधार होतो आणि हातात फिरतं चाक असतं. म्हणून दिव्यांना स्वतःची एमसीबी आणि स्वतःची आरसीसीबी. प्रत्येक मोठ्या मशीनला वेगळी एमसीबी, मोटरसाठी सी प्रकारची.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती बघते. माणसाच्या अंगातून वाट फुटली की फरक पडतो आणि ती तोडते. म्हणूनच शेडच्या डीबीत न्यूट्रलची पट्टी आणि अर्थिंगची पट्टी वेगळी ठेवायची, दोन्ही कधी जोडायच्या नाहीत. या आरसीसीबीचा न्यूट्रल त्या आरसीसीबीत घुसला तरी ती विनाकारण पडत राहते. मग कुणीतरी वैतागून ती काढून थेट जोडणी करतो. असं केलेली शेड मी बघितली आहे आणि तिथं शाळकरी पोरं काम शिकत होती.

अर्थिंगच्या पाइपवर पैसे वाचवू नयेत. अडीच मीटरचा पाइप खड्ड्यात नीट बसवावा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावं. डीबी भिंतीवर उंच लावावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वारणाकाठच्या गावांनी पाणी कुठवर चढतं ते पाहिलं आहे. फिटिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, तो कायदाच आहे.

उसाच्या बगॅसपासून वीज करणाऱ्या कारखान्यांचा हा मुलूख आहे. त्या विजेचे शेवटचे ३० मीटर मात्र आपल्याच हातात असतात. तुमच्या शेडमधलं वेल्डिंग झालं की स्विच बंद करा, पिन काढा आणि हाताला लागते कशी ते बघा. चटका बसत असेल तर त्या सॉकेटवर पुन्हा काही जोडू नका, वायरमनला बोलवा.