वळूचे नाव नको, घोडीची खोड सांगा



मागच्या जिल्हा बैठकीत जेवणाच्या सुट्टीत एका तरुण कार्यकर्त्याने मला गाठले. शंकरपटाचा नाद असलेला पोरगा. घरची गवळाऊ गाय माजावर यायची होती. म्हणाला, "भाऊ, सगळ्यात नामी सांड कोणता, तेवढं सांगा."

मी विचारले, "गायीत कमी काय आहे?"

तो बघतच राहिला. "गायीत काही कमी नाही जी. म्हणून तर सांड विचारतो."

त्याला उत्तर देता देता सुट्टी संपली आणि गोष्ट अर्धी राहिली. ती इथे पुरी करतो. गोष्ट गायीची नाही, घोडीची आहे; आणि घोडीही आपल्याकडची नाही, जर्मनीतली आहे. कापूस-ज्वारीवाल्यांच्या अंकात हे घोडेपुराण कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सरळ आहे. जो प्रश्न आपण दलालाला विचारतो, डॉक्टरला विचारतो, नाहीतर देवावर सोडतो, त्याचे उत्तर तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वहीत लिहून ठेवले आहे.

औतातून मैदानात

२०२३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोऊ इथल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघा स्वारांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक आणले. घोड्याला ताला-मापात चालवण्याची ही स्पर्धा. चौघांतला एक मुंबईचा. स्वारांचे फोटो छापून आले. त्यांच्या बुडाखालचे घोडे मात्र युरोपातल्या वाणांचे होते, आणि ते वाण कोणी घडवले हे कोणी सांगितले नाही.

हे खेळाच्या घोड्यांचे वाण राजवाड्यात घडलेले नाहीत. ते औताच्या, गाडीच्या आणि फौजेच्या घोड्यांतून घडले. हनोव्हर प्रांत घ्या. ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज हाच हनोव्हरचाही अधिपती होता. त्याने १७३५ साली त्सेले या गावी सरकारी वळूशाळा काढली. सरकारला फौजेसाठी घोडे हवे होते, शेतकऱ्याला नांगरासाठी. वळू सरकारचे, घोड्या शेतकऱ्यांच्या. थोडक्या पैशात घोडी भरवून मिळे. १८८८ साली वंशावळीची नोंदवही सुरू झाली आणि १९२२ साली घोडी पाळणाऱ्यांचा संघ उभा राहिला.

मग ट्रॅक्टर आला. पश्चिम जर्मनीत १९५० साली पंधरा लाखांच्या आसपास घोडे होते. १९७० साली अडीच लाखांच्या आसपास उरले. बाकीच्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. जो बैल औताला चालत नाही त्याचे काय होते हे आपण जाणतोच. पण काही शेतकऱ्यांनी घोडी विकली नाही. बाजार बदलला हे त्यांनी ओळखले. नांगर ओढणारा घोडा कोणाला नको. उडी मारणारा, स्वाराचे ऐकणारा घोडा हवा. वहीत जुन्या घोड्यांची नोंद होती. आता वळू बदलायचा होता.

पण कोणता? इथेच खरी गंमत आहे.

आधी घोडी, मग वळू

होल्स्टाईन प्रांतातल्या घोड्या दणकट आणि मागच्या पायांत जोर असलेल्या. पण अंगाने जड. १९६० साली तिथली सरकारी वळूशाळा बंद झाली तेव्हा शेतकऱ्यांच्या संघाने वळू स्वतःकडे घेतले. त्यांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला तो हा, की आपल्या घोड्यांत नाही ते काय? हलकेपणा नाही. म्हणून लेडीकिलर नावाचा शर्यतीच्या इंग्रजी जातीचा वळू आणला. मग पुढची कमी पाहिली. उडीत पाठीची कमान होत नाही, लवचीकपणा कमी पडतो. म्हणून १९७१ साली फ्रान्समधून कोर द ला ब्रिएर हा तीन वर्षांचा वळू आणला. लेडीकिलरच्या वंशाशी त्याचा मेळ बसला आणि उडीच्या घोड्यांत होल्स्टाईनचे नाव जगात झाले. फ्रान्सच्या सरकारी वळूशाळेने तो घेतला नव्हता. होल्स्टाईनवाल्यांना मात्र आपल्या घोड्यांना काय हवे ते ठाऊक होते, म्हणून त्यांना तो दिसला.

घोडीवाला वळू निवडतो म्हणजे नेमके काय करतो?

पहिले, घोडी कठीण जमिनीवर उभी करतो. समोरून, बाजूने, मागून बघतो. चालवतो, दुडकी पळवतो. तिचे तीन गुण आणि तीन दोष लिहितो. मान आखूड आहे का, पाय आत वळतात का, पाठ लांब आहे का, स्वभाव भडक आहे का. मग एक, फार तर दोन दोष धरतो आणि ते ज्याच्या पोरांत सुधारलेले दिसतात असा वळू शोधतो. सगळे दोष एकाच वेताला घालवणारा वळू जन्माला यायचा आहे. आणि जिचे पाय तरुणपणीच, काम न करता निकामी झाले, तिला कोणताच वळू दाखवत नाही. ते दुखणे पोराला जाण्याचा धोका असतो. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरे, टोकाला टोक जोडत नाही. फार बुटकी घोडी आणि फार उंच वळू जोडले की मध्यम शिंगरू होते, असा समज सगळीकडे आहे. आत वळलेल्या पायांवर बाहेर वळलेल्या पायांचा वळू घातला की पाय सरळ होतात, असेही म्हणतात. तसे होत नाही. संकरित ज्वारीचे दुसऱ्या वर्षीचे बी ज्याने पेरून बघितले त्याला हे समजावावे लागणार नाही. एक ताट कमरेला, शेजारचे डोक्यावर. वाकड्याला सरळच जोडावे लागते.

तिसरे, वळूची पदके बघत नाही, वळूची पोरे बघतो. पदकात स्वाराचा हात असतो, मालकाचा पैसा असतो. समजा एका वळूची हजार शिंगरे आणि त्यांतली दहा नामांकित. दुसऱ्याची साठ आणि त्यांतली सहा. जाहिरात पहिल्याची दिसेल. हिशेब कोणाचा चांगला?

हाला नावाची घोडी होती. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये, स्टॉकहोमला, जखमी स्वाराला पाठीवर घेऊन तिने सुवर्णपदक जिंकले. तिचा बाप गाडीला जुंपून दुडकीच्या शर्यतीत पळवतात त्या जातीचा, आईची वंशावळ कोणाला ठाऊक नाही. निवृत्त झाल्यावर तिला शिंगरे झाली, पण एकानेही आईचे नाव गाठले नाही. एकट्या जनावराचे कर्तृत्व आणि घराण्याची खाण या दोन वेगळ्या गोष्टी. खाण तशी माती म्हणतात ते खरे, पण खाण म्हणजे एकटी आई नव्हे. आजी, मावश्या, बहिणी सगळ्या मिळून खाण. म्हणून होल्स्टाईनमध्ये घोडीच्या घराण्यांना क्रमांक दिलेले आहेत आणि तो क्रमांक आईकडून लेकीकडे जातो.

वहीत काय असते

घोडी तीन वर्षांची झाली की तिची परीक्षा घेता येते. चाल, दुडकी, दौड, स्वाराशिवायची मोकळी उडी, स्वाराखालची वागणूक. गुण घोडीच्या नावे लागतात आणि तिच्या बापाच्या हिशेबातही जातात. या सगळ्यावरून वळूचा आकडा निघतो. शंभर म्हणजे सरासरी. आकड्याशेजारी त्याचा भरवसा किती तेही छापलेले असते, कारण वीस पोरांवरून काढलेला आकडा आणि पाचशे पोरांवरून काढलेला आकडा एका तोलाचा नसतो.

आता आणखी एक तपासणी आली आहे. या जातींत एक छुपा दोष सापडला. शिंगरू पोटातच मरते, नाहीतर कातडी फाटेल इतकी नाजूक घेऊन जन्मते आणि जगत नाही. दोष एकाच बाजूने आला तर काही दिसत नाही. घोडी आणि वळू दोघेही वाहक असले तर चारांत एक शिंगरू असे होण्याचा संभव. मुळासकट उपटलेल्या केसांवरून हे कळते. अकरा महिने घोडी सांभाळायची आणि हाती मेलेले शिंगरू यायचे, हे केसांच्या तपासणीने टळते. वाहक घोडी बाद करायची गरज नाही. वळू तेवढा दोष नसलेला बघायचा.

तिथे सगळे आबादीआबाद आहे असे समजू नका. गोठवलेल्या वीर्याची कांडी आता देशोदेशी जाते, आणि फॅशनच्या चार वळूंच्या मागे तेही धावतात. शिंगरू विकून खर्च निघेलच असेही नाही. पण फसले तर का फसले, हे वही बघून सांगता येते. आपल्याला तेही सांगता येत नाही.

माझी चूक

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. कृषीची पदवी घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा एका योजनेत गावोगाव विदेशी वळूच्या कांड्या सुचवत फिरलो. वळूच्या आईचे लिटर मला तोंडपाठ होते. गाय मी एकदाही नीट पाहिली नाही. तिला औताचा गोऱ्हा द्यायचा आहे की दूध, हेही विचारले नाही. चार वर्षांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बांधावर थांबवले. वैशाखाच्या उन्हात त्याचा संकरित गोऱ्हा औतात बसला होता, जीभ बाहेर काढून. तो म्हणाला, "साहेब, दूध तुमच्या कागदावर आलं, औत माझ्या वावरात बसलं." ती नोकरी सुटायला पुढे दुसरी कारणे झाली, पण हे वाक्य काही सुटले नाही.

दोष कांडीचा नव्हता. दोष असा, की निवड ज्याची, तो निवडीत नव्हता. आजही आपल्यापैकी किती जणांना गायीला कोणत्या वळूची कांडी भरली हे ठाऊक असते? पावती मिळाली तर ती पाचराटात खोवलेली असते. त्या वळूची पोरे कुठे आहेत, कशी निघाली, हे तर कोणीच सांगत नाही.

सरकार वही ठेवील तेव्हा ठेवो. हनोव्हरचा शेतकरीही दोन-चार घोड्यांवालाच होता. लिहायला वेळ नाही असे म्हणू नका. जनावराच्या बाजारात नामी सांडाची चर्चा करायला आपल्याला सबंध दिवस मिळतो.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. गायीचे तीन गुण, तीन दोष. कोणता वळू किंवा कांडीवरचा कोणता क्रमांक. वासरू कधी झाले. दोन वर्षांनी कसे निघाले. एवढे चार रकाने पुरेत. दहा गावांच्या दहा वह्या शेजारी ठेवल्या की कोणता वळू आपल्या गायींवर चालतो आणि कोणाचा नुसताच बोलबाला, हे पाच-सहा वर्षांत आपले आपल्याला दिसेल.

त्या पटवाल्या पोराला मी शेवटी एवढेच म्हणालो, "गायीच्या तीन खोडी लिहून आण. मग सांड बघू." दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, "भाऊ, पाच निघाल्या."

सुरुवात झाली म्हणायची.