फोटोतला शिपाई कोण?

विद्यानगरातील आमच्या घरी बैठकीच्या खोलीत एका शिपायाचा फोटो आहे. ‘हे पणजोबा. मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले आणि १९१६ साली कूतच्या वेढ्यात कामी आले,’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर सर्वपित्री अमावास्येला त्या फोटोला हार पडे.

गेल्या वर्षी चौकट बदलताना मी तो भिंगाखाली धरला. छातीवरच्या पदकांत दोन तारे होते आणि दोन्ही सहा टोकांचे! पहिल्या महायुद्धातला १९१४-१५ चा तारा चार टोकांचा असतो व त्यावर परस्परांना छेदणाऱ्या दोन तलवारी असतात. सहा टोकांचे तारे दुसऱ्या महायुद्धाचे. १९१६ साली गेलेल्या माणसाच्या छातीवर ते येणार कसे? फोटो होता आजोबांच्या धाकट्या भावाचा. लढाईहून परतून ते पुढे गावी शेती करीत राहिले, त्यांची आठवण मात्र कोणी काढीत नसे.

“भाव खरा होता ना? मग झालं!” असे काकू म्हणाल्या. मला हे पटत नाही. बसऱ्याच्या, १९२९ साली उघडलेल्या युद्धस्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत; पलटणीपुढे नुसता आकडा दिला. परक्या सरकारने नाव गाळले, आपण चेहरा बदलला. अन्याय दोघा भाऊबंदांवर झाला.

म्हणून जुन्या फोटोचा काळ ठरवताना ऐकीव गोष्टीआधी गणवेश वाचावा. अधिकाऱ्याच्या खांद्यावर राजमुकुट असेल तर फोटो १९५० पूर्वीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. आपल्या शहरात आणखी एक फसगत होते. खांद्यावर ‘हैदराबाद’ दिसले की निजामाची फौज, असे आपण धरून चालतो. परंतु ब्रिटिश हिंदी सैन्यातही १९२२ पासून १९ वी हैदराबाद रेजिमेंट होती. १९४५ साली तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले.

अर्थात गणवेशही सर्वज्ञ नव्हे. पदक फार तर एवढेच सांगते की फोटो अमुक सालाआधीचा नाही. जुना कोट माणूस वर्षानुवर्षे वापरतो. तेव्हा पदके, बिल्ले, स्टुडिओचा शिक्का आणि घरातले कागद यांचा मेळ बसला तरच निर्णय द्यावा.

विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती की, या सुटीत घरातला एक फोटो चौकटीतून काढा, वडीलधाऱ्यांना विचारा आणि मागे पेन्सिलीने नाव लिहा. नक्की ठाऊक नसेल तर तसेही लिहा.

आमच्या भिंतीवर तो फोटो आजही आहे. खाली आता चुलत आजोबांचे नाव आहे. पणजोबांचा फोटो घरात नाही. सर्वपित्रीला आम्ही त्यांचे नाव घेतो, आणि ते त्यांचेच असते.