मला कोण पाहते आहे?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. ती माहेरी जावो की बाजारात, नवऱ्याला सगळे कळायचे. फोन पाहिला, तर नकाशाच्या ॲपमधून तिचा ठावठिकाणा सतत त्याच्याकडे जात होता. बंद करायची सोय होती. पण कोपऱ्यातल्या फोटोमागे, लांबलचक यादीत. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मला ती शोधायला दहा मिनिटे लागली!

सेटिंग कुठे ठेवायचे हा म्हणे तांत्रिक प्रश्न! मग खरेदीचे बटण कधी लपलेले पाहिले आहे का? जागा ठरवणे ही सत्ताच आहे. ॲपलने २०२२ मध्ये आयफोनवर 'सेफ्टी चेक' आणले. आपली माहिती कुणाकुणाला दिसते ते एका जागी पाहून थांबवता येते, कुणी आलेच तर झटकन बाहेरही पडता येते. म्हणजे मनात आणले तर जमते. पण तेही सेटिंग्जच्या पोटात; आणि आपल्या वस्तीत आयफोन आहेत किती?

आमची मागणी साधी आहे. 'मला कोण पाहते आहे?' हे ॲपच्या पहिल्याच पडद्यावर, मराठीत लिहा. बंद केल्यावर घरी मारही बसू शकतो, हे तिला ठाऊक असते. म्हणूनच बंद कधी करायचे ते तीच ठरवेल. लपवणारे तुम्ही कोण?