छोट्या सर्व्हरवर बड्या कंपनीचे ओझे कशाला?




कोल्हापूरकरांसाठी स्वतःच्या मालकीचे समाजमाध्यम उभे करावे, असा विचार आम्ही काही जण करत आहोत. त्यासाठी लागणारे ‘मास्टोडॉन’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, सर्व्हरचे भाडे वर्गणीतून निघू शकते आणि तांत्रिक काम करणारी पोरे आपल्या शहरात भरपूर आहेत. तरी प्रत्येक बैठकीत गाडी एकाच प्रश्नावर अडते. उद्या एखाद्या सभासदाने दुसऱ्याच्या मालकीचे गाणे टाकले, तर पोलीस कुणाच्या दारात येणार? प्रश्न आमच्यापुरता नाही, म्हणून हे पत्र.

असे विकेंद्रित माध्यम कसे चालते, हे कोल्हापूर जिल्ह्यात समजावून सांगणे सोपे आहे. गावोगावच्या दूध संस्था स्वतंत्र असतात. त्यांचे सभासद वेगळे, संचालक वेगळे. पण त्या सगळ्या मिळून ‘गोकुळ’ हा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहतो. मास्टोडॉनचेही तसेच आहे. 2016 पासून उपलब्ध असलेल्या या सॉफ्टवेअरवर कुणीही आपला सर्व्हर चालवावा, त्याचे नियम सभासदांनी ठरवावेत, आणि तरीही पुण्याच्या किंवा बर्लिनच्या सर्व्हरवरील माणसाशी बोलता यावे. हे बोलणे ज्या सामायिक पद्धतीने चालते, त्या ‘अॅक्टिव्हिटीपब’ला जानेवारी 2018 मध्ये जागतिक वेब मानकाचा दर्जा मिळाला. सगळ्यांवर एक मालक, एक कुलूप, असा प्रकार नाही.

हे हवे कशाला, असे कुणी विचारेल. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले आणि तिथला मराठी गप्पांचा मोठा ठेवा गेला. देशी म्हणून गाजलेले ‘कू’ 2024 मध्ये मिटले. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, तेव्हा हजारो भारतीय निषेध म्हणून मास्टोडॉनवर गेले होते. सगळे एकाच ठिकाणी ठेवले की एकाच घावात जाते, हे कोल्हापूरला नव्याने शिकवायला नको. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. 1948 च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटला, ‘मीठभाकर’ची फिल्म जळाली आणि भालजी पेंढारकरांना तो चित्रपट पुन्हा उभा करावा लागला. जुने फोटो, जाहिराती, आवाज आणि आठवणी लोकांनी लोकांसाठी जपाव्यात, त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी असाव्यात, हाच आमच्या बेताचा गाभा आहे.

इथेच कॉपीराइट आडवा येतो, कारण काय मोकळे आणि काय मालकीचे हे ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’चे उदाहरण घ्या. चित्रपट 1959 चा. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे 2019 संपताना तो संपला. पण त्यातली गाणी ग. दि. माडगूळकरांची. गीतकाराच्या शब्दांवरील हक्क त्याच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो. गदिमा 1977 मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. एकाच रिळात एक गोष्ट मोकळी, दुसरी राखीव! हा हिशेब सभासदाने टाकलेल्या प्रत्येक चित्रफितीसाठी कोणी करायचा? रात्री नोकरीवरून येऊन सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाने?

कायदा अगदीच निर्दय नाही, हेही सांगायला हवे. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मध्यस्थांना, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणाऱ्या वा पोचवणाऱ्या सेवांना, काही संरक्षण दिले. डिसेंबर 2016 मध्ये ‘मायस्पेस’ खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले की, नेमक्या कोणत्या मजकुराने हक्कभंग झाला याची प्रत्यक्ष माहिती असल्याशिवाय मध्यस्थाला दोषी धरता येणार नाही. 2013 च्या कॉपीराइट नियमांतील नियम 75 नुसार रीतसर लेखी तक्रार आली की 36 तासांत तो मजकूर दिसणे थांबवायचे. तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा दाखवता येतो.

कागदावर हे ठीक दिसते. पण ज्याने मजकूर टाकला त्याला आपली बाजू मांडण्याची सोय या नियमात नाही. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यात ती आहे: सभासद उलट नोटीस देतो, आणि तक्रारदार न्यायालयात गेला नाही तर मजकूर परत येतो. आपल्याकडे खरी तक्रार आणि खोटी तक्रार यांत निवड करायची ती सर्व्हर चालवणाऱ्याने. बड्या कंपनीकडे त्यासाठी वकिलांचा ताफा असतो. हौशी चालकाच्या डोळ्यांसमोर कलम 63 असते: जाणूनबुजून हक्कभंग केल्यास किंवा त्याला मदत केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. अशा वेळी तो काय करील? नोटीस येताच डोळे मिटून सगळे काढून टाकील. चित्रपट समीक्षेसाठी घेतलेला छोटा तुकडाही जाईल, जरी समीक्षेसाठी असा उचित वापर करायला हाच कायदा परवानगी देतो.

दुसरी गाठ तांत्रिक आहे. आमच्या सभासदाने सांगलीच्या सर्व्हरवरील कुणाला ‘फॉलो’ केले की त्या माणसाच्या पोस्टची आणि चित्रांची प्रत आमच्या सर्व्हरवर आपोआप येते. आम्ही ती निवडलेली नसते, पाहिलेलीही नसते. प्रसारणाच्या प्रक्रियेतील क्षणिक वा आनुषंगिक साठवणीला कलम 52 मोकळीक देते. पण आठवडाभर पडून राहिलेली प्रत क्षणिक मानायची का, याचे उत्तर त्यात लिहिलेले नाही. आम्ही पोस्ट पुसली तरी इतर सर्व्हरांना फक्त पुसण्याचा निरोप जातो. तो पाळणे त्यांच्या हाती. एका गावच्या संस्थेत भेसळीचे दूध आले म्हणून शेजारच्या गावच्या संस्थेला कोणी टाळे ठोकत नाही. इथेही जबाबदारी जिथे मजकूर टाकला गेला तिथे हवी.

कोल्हापूर ही चित्रपटवाल्यांची नगरी, तेव्हा निर्मात्यांची बाजू डावलून चालणार नाही. 2016 मध्ये ‘सैराट’ चित्रगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याच्या चोरट्या प्रती फिरत होत्या. अशी चोरी पोटावर पाय देणारी आहे आणि ‘विकेंद्रित’ हा शब्द तिच्यावर पांघरूण म्हणून कुणी वापरू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ‘ग्रोक्स्टर’ या फाइल-वाटप सेवेला दोषी धरले ते चोरीला चिथावणी दिली म्हणून, आणि ते रास्तच होते. शिवाय मास्टोडॉनच मुळी कॉपीराइटच्या बळावर उभे आहे. 2021 मध्ये ट्रम्प यांच्या ‘ट्रुथ सोशल’ने त्याचा कोड वापरला, पण परवान्याप्रमाणे मूळ कोड खुला केला नाही. मास्टोडॉनने कायदेशीर पत्र धाडल्यावर तो खुला करावा लागला. कॉपीराइट नको, असे आम्ही म्हणत नाही. तो माणूस पाहून लागू व्हावा, एवढेच म्हणणे आहे.

आकाराचा भेद सरकारला मान्यच आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर जादा अटी आहेत. कॉपीराइटच्या नियमांत मात्र पाचशे सभासदांची मंडळी आणि अब्जावधींची कंपनी एकाच रांगेत. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात ही चूक टाळली. विना-नफा ज्ञानकोश आणि खुल्या सॉफ्टवेअरची व्यासपीठे कडक तरतुदींतून वगळली. तीन वर्षांपेक्षा नव्या आणि एक कोटी युरोपेक्षा कमी उलाढालीच्या सेवांना सौम्य अटी लावल्या.

म्हणून तीन मागण्या. एक, नियम 75 मध्ये मजकूर टाकणाऱ्याला उत्तर देण्याचा हक्क द्यावा आणि ते उत्तर तक्रारदाराकडे पोचवले की चालकाची जबाबदारी संपावी. दोन, इतर सर्व्हरवरून आपोआप आलेल्या प्रतीला कलम 52 चे संरक्षण आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. तीन, नफा न कमावणाऱ्या छोट्या सर्व्हरच्या चालकावर, त्याने नोटिशीनंतर मजकूर हटवला असेल तर, फौजदारी कारवाई होऊ नये.

बदल्यात चालकांनीही आपले काम चोख करावे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व पत्ता ठळक छापावा, आलेल्या प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवावी, आणि नव्या चित्रपटांच्या चोरट्या प्रती टाकणाऱ्याला पहिल्याच दिवशी दार दाखवावे. शिवाजी विद्यापीठाने आणि शहरातील विधी महाविद्यालयांनी अशा चालकांसाठी सल्ला केंद्र सुरू केले, तर विद्यार्थ्यांना खरी प्रकरणे मिळतील आणि चालकांना फुकट सल्ला.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट यांचा विचार करण्यासाठी केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने 2025 मध्ये समिती नेमली. कायद्याचे पुस्तक उघडलेच आहे, तर त्यात छोट्या सर्व्हरांचेही पान जोडावे. सहकाराच्या जिल्ह्यातून निवडून गेलेल्या आमच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर