सिंह खरा, साहेब खोटा

महाराष्ट्रात जितकी चांदीची जुनी खिशातली घड्याळे आहेत, तितके उदार गोरे साहेब हिंदुस्थानात कधी उतरले असतील असे मला वाटत नाही. कोणत्याही जुन्या घरी जा. पेटीच्या तळातून लाल फडक्यात गुंडाळलेले घड्याळ निघते आणि त्याच्या मागोमाग साहेब निघतोच! पणजोबांनी त्याला वाघाच्या तावडीतून सोडवलेले असते, नाहीतर १८५७ च्या धामधुमीत त्याच्या मडमेला माजघरात लपवलेले असते. आणि साहेबाने गहिवरून खिशातले घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलेले असते. पुरावा काय, म्हणाल? तर झाकणाच्या आत सिंह आहे. म्हणजे राणी सरकारचा शिक्का!

कादंबऱ्या लिहून शाळा सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याने दंतकथांविरुद्ध ओरड करावी याचे काहींना हसू येईल. खुशाल हसा. मी पात्रे निर्माण करतो ती माझ्या पुस्तकात. कुणाच्या पणजोबांवर ती लादत नाही.

वाचकहो, तो सिंह खरा आहे; पण तो राणीचा नव्हे. एक पंजा उचलून चालणारा हा सिंह इंग्लंडात चांदीच्या चमच्यावर असतो, तसाच मिठाच्या डबीवरही असतो. हजार भागांत निदान ९२५ भाग शुद्ध चांदी आहे, एवढेच तो सांगतो. राजाराणीच्या मस्तकाचा ठसा निराळा. कर भरल्याची खूण म्हणून तो तिकडे १७८४ पासून १८९० पर्यंत चांदीवर मारीत. पण घड्याळाच्या डब्यांना १७९८ सालीच करमाफी मिळाली. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी घड्याळात सिंह सापडेल, राणीबाई सहसा सापडायच्या नाहीत.

सिंहाच्या शेजारी पाहावे. चित्त्याचे तोंड असेल तर कस लंडनला लावलेला, नांगर असेल तर बर्मिंगहॅमला (त्या गावाला समुद्र नाही, नांगर मात्र आहे!); गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार असेल तर चेस्टरला. चेस्टरची कचेरी १९६२ मध्ये बंद झाली. खरी गंमत चौथ्या ठशात आहे. तिथे साल आकड्यांत नसते, एक अक्षर असते. लंडनवाले ‘ए’पासून ‘यू’पर्यंत, मधले ‘जे’ वगळून, वीस अक्षरांची वीस वर्षे मोजीत आणि पुन्हा नव्या वळणाने ‘ए’ गिरवीत. प्रत्येक गावाची बाराखडी वेगळी. छापील लहान ‘ए’ चित्त्याजवळ असेल तर साल १८९६-९७. तेच अक्षर नांगराजवळ असेल तर १९००-०१. अक्षर वर्षाच्या मध्येच बदलत असे, म्हणून साल असे जोडीने सांगायचे. नुसते अक्षर पाहून साल ठोकून देणारा पंडित आणि साहेबाची गोष्ट सांगणारा काका यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आणि आपल्याकडची पुष्कळशी घड्याळे मुळात इंग्रजी नाहीतच, ती स्वित्झर्लंडची. तिथल्या १८८० च्या कायद्याने चांदीला ठसे ठरले : ८७५ च्या कसाला उभे अस्वल, ८०० च्या कसाला रानकोंबड्यासारखा एक पक्षी. पुढे इंग्लंडने १८८७ मध्ये मालाच्या खुणांचा कडक कायदा केला, तेव्हा त्या बाजारासाठी ९३५ चा कस आणि त्यासोबत तीन अस्वले आली. तेव्हा ज्या झाकणात तीन अस्वले बसली आहेत, ते घड्याळ १८५७ मध्ये कोणाच्याही खिशात असणे शक्य नाही. १९०७ च्या जूनपासून इंग्लंडात येणाऱ्या परदेशी डब्यांवर तिथले ठसे सक्तीने बसू लागले. पण त्यांना सिंह मिळाला नाही, त्यांच्यावर ९२५ चा आकडाच मारीत.

मग साहेब गेला, की राहिले काय? माझे भांडण इथे आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी मुंबईत १८८६ मध्ये सुरू झाली. तिने आणि तिच्यासारख्या दुकानांनी स्विस घड्याळे इथल्याच गिऱ्हाइकांना विकली. कित्येकांच्या तबकडीवर मुंबई-कलकत्त्याची नावे आहेत. कुणी कारकुनाने, कुणी स्टेशनमास्तरने पगारातून पैसे मागे टाकून ती घेतली असतील. ठसा खरेदीदाराचे नाव सांगत नाही, हे मला मान्य. पण पणजोबांनी स्वतःच्या कमाईने घड्याळ घेतले असेल, ही शक्यता आमच्या मनाला शिवतसुद्धा नाही! विकत घेतलेल्या वस्तूची लाज आणि बक्षिशीचा अभिमान, हे कसले घराण्याचे वळण? साहेब १९४७ मध्ये गेला. आमच्या पेटीत तो अजून मुक्कामाला आहे.

आणि याच अभिमानी घरात दिवाळीच्या तोंडावर काय चालते? लक्ष्मीपूजनासाठी घड्याळ चिंचेने, रांगोळीने आतून-बाहेरून घासले जाते. दहा दिवाळ्यांत अस्वलाचे मांजर होते, विसाव्या दिवाळीला मांजरही उरत नाही. गोष्ट जपायची आणि साक्षीदार पुसायचा! त्याहून हिशेबी घरे डबी मोडीत घालतात. सराफ यंत्र उपसून पुडीत बांधून परत देतो, चांदी तोळ्यावर घेतो, आणि ठसे मुशीत जातात. सोन्याच्या दागिन्यांवरचा हॉलमार्क आपल्याकडे २००० साली आला, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आज कुडी घेतानाही आम्ही तो भिंगातून पाहतो. आजोबांच्या घड्याळाला ते भाग्य नाही.

झाकण नखाने उघडावे, स्वयंपाकघरातल्या सुरीने नव्हे. दिवा तिरपा धरावा आणि घासण्यापूर्वी ठशांचे छायाचित्र काढावे. हेही ध्यानात असावे की ठसा डबीचे साल सांगतो, यंत्राचे नव्हे. डब्या बदलत असत. आणि ठसाच नसेल, तर ते बहुधा जर्मन सिल्व्हर असण्याचा संभव फार. तांबे, जस्त, निकेल यांचे हे मिश्रण. त्यात चांदी औषधालाही नसते. साहेब मात्र त्यालाही चिकटवलेला असतो.