बँकॉकला रिकामी बॅग घेऊन निघालाय? आधी बातचा भाव बघा

डिसेंबर आला की इन्स्टावर एक ठरावीक रील फिरायला लागतं. प्रातुनामची गल्ली, मागे थाई गाणं, हातात सहा-सात पिशव्या आणि वर कॅप्शन, "दोन हजारांत अख्खा वॉर्डरोब!" खाली कमेंटमध्ये मित्राला टॅग करून लिहिलेलं असतं, "भावा, रिकामी बॅग घेऊन जाऊ."

आता हा बेत फक्त कमेंटपुरता राहिलेला नाही. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि १५ जुलै २०२४ पासून तर व्हिसाशिवाय राहायची मुदत ६० दिवसांपर्यंत नेली. २०२४ मध्ये २० लाखांहून जास्त भारतीय तिकडे जाऊन आले. पहिली परदेशवारी बँकॉकची, हे आपल्याकडच्या पंचविशीतल्या पोरांचं जवळपास ठरूनच गेलंय. आणि जायचंच आहे तर कपडे तिकडूनच घेऊ, हेही त्याच्यासोबत आलंच.

पण पुरुषांचे रोजच्या वापराचे कपडे, म्हणजे टी-शर्ट, शॉर्ट्स, कॅज्युअल शर्ट, जीन्स, हे बँकॉकमध्ये आजही आपल्यापेक्षा स्वस्त आहेत का? हिशोब मांडला तर बहुतेक गोष्टींसाठी उत्तर 'नाही' असं येतं. दीड-दोन वर्षांपूर्वी ते 'हो'च्या बरंच जवळ होतं. मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट रुपयाची

एप्रिल २०२४ मध्ये एक थाई बात साधारण २ रुपये २७ पैशांना पडत होता. तेव्हा एका डॉलरला ३६-३७ बात मिळायचे आणि आपला रुपया ८३ वर होता. त्यानंतर बात वधारला, डॉलरला ३२ च्याही खाली आला. आपला रुपया उलट्या दिशेने गेला आणि डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला त्याने ९० ची पातळी ओलांडली. दोन्हीकडून मार बसला. डिसेंबर २०२५ मध्ये एक बात २ रुपये ८० पैशांच्या आसपास होता.

प्रातुनामच्या दुकानावरची '१९९ बात' ही पाटी तीच राहिली असं धरा. एप्रिल २०२४ मध्ये तो टी-शर्ट ४५२ रुपयांना पडला असता, डिसेंबर २०२५ च्या भावाने ५५७ रुपयांना. थाई दुकानदाराने एक पैसा न वाढवता तुमच्यासाठी तो २० टक्क्यांहून जास्त महाग झाला. रील मात्र जुनंच फिरतंय, कारण रीलवर तारीख कोण बघतं?

त्यात हा भाव बाजारातला आहे, तुमच्या हातात पडणारा नव्हे. अनेक बँकांच्या साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशातल्या खर्चाला ३.५ टक्क्यांपर्यंत फॉरेक्स मार्कअप लागतं आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ५,००० बातची खरेदी म्हणजे १४,००० रुपये. त्यावर मार्कअप ४९० आणि जीएसटी ८८, म्हणजे ५७८ रुपये गेले. एक टी-शर्ट तिथेच संपला.

वर कार्ड मशीन विचारतं, पैसे बातमध्ये देणार की रुपयांत? रुपयाचा आकडा ओळखीचा दिसतो म्हणून आपण तिकडे बोट दाबतो आणि दुकानदाराच्या बाजूच्या बँकेने लावलेला महागडा दर गळ्यात पडतो. नेहमी बातच निवडायचे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या जीएसटीची

पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी होता आणि त्यावरच्या कपड्यावर १२ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांची मर्यादा थेट २,५०० रुपयांवर नेली. त्यापुढच्या कपड्यावर मात्र १८ टक्के. म्हणजे कॅज्युअल कपड्यांचा जो मधला पट्टा आहे, १,२०० चा शर्ट, १,८०० ची जीन्स, त्याच्यावरचा कर निम्म्याहून कमी झाला. थायलंडमध्ये व्हॅट सरसकट ७ टक्के आहे. म्हणजे करापुरतं बघितलं तर या पट्ट्यात आज भारतच स्वस्त आहे.

त्याच्याही खालचा पट्टा झुडिओने कधीच खाऊन टाकलाय. तिथे बहुतेक माल ९९९ च्या आत असतो आणि तीनशे रुपयांच्या आसपास टी-शर्ट मिळतो. गंमत म्हणजे याच टाटांच्या झुडिओने २०२४ मध्ये दुबईत दुकान उघडलं. आपण स्वस्त कपड्यांसाठी परदेशात जायचं म्हणतोय आणि आपलं स्वस्त कपड्यांचं दुकान परदेशात गेलंय.

तिसरी गोष्ट, तो माल येतो कुठून?

बँकॉकमध्ये कपडे स्वस्त कारण तिकडे मजुरी स्वस्त, असं आपण सहज म्हणून टाकतो. ते आता खरं नाही. १ जुलै २०२५ पासून बँकॉकमधलं किमान वेतन दिवसाला ४०० बात आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०,४०० बात, म्हणजे सुमारे २९,००० रुपये. बांगलादेशात कापड कारखान्यातल्या कामगाराचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिन्याला १२,५०० टका आहे, म्हणजे साधारण ९,००० रुपये. मग बँकॉकमध्ये शिवलेला साधा कॉटन टी-शर्ट ढाक्याच्या किंवा तिरुपूरच्या टी-शर्टपेक्षा स्वस्त कसा असेल?

म्हणूनच मॉलमधल्या मोठ्या ब्रँडच्या दुकानात कॉलरच्या आतलं लेबल उलटून बघा. बांगलादेश, व्हिएतनाम, कंबोडिया, चीन आणि बऱ्याचदा भारत. तिरुपूरहून निघालेला टी-शर्ट बँकॉकला जाऊन तुमच्याच बॅगेतून पुण्याला परत येणं, हेही घडतंच.

बाजारांतला स्वस्त माल मात्र मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो. या मालाने थाई उत्पादक इतके हैराण झाले की तिथल्या सरकारने ५ जुलै २०२४ पासून १,५०० बातच्या आतल्या आयात पार्सलांवरही ७ टक्के व्हॅट लावला. त्याआधी ही पार्सलं करमुक्त होती.

इथे आपला एक धागा जुळतो. जून २०२० मध्ये भारताने शीनसह अनेक चिनी अॅपवर बंदी घातली. मोठ्या मापाचे ओव्हरसाइज टी-शर्ट, कोरियन कटच्या पँट, क्युबन कॉलरचे शर्ट, हा चिनी फॅशनचा माल आपल्याकडे तेव्हा सहज दिसेनासा झाला आणि बँकॉकला गेलेल्यांना तो ढिगाने दिसला. बँकॉकचं आकर्षण किमतीइतकंच या नवेपणाचं होतं, असं मला वाटतं. २०२५ च्या फेब्रुवारीत शीन रिलायन्सच्या हाताला धरून परत आलं, भारतात बनवलेला माल घेऊन. आणि तोच कट आता कोल्हापूरच्या दुकानातही टांगलेला असतो.

मग काहीच घ्यायचं नाही का?

घ्यायचं की. पण कुठे काय मिळतं ते बघून.

प्लॅटिनम फॅशन मॉलचं नाव सगळे घेतात. प्रातुनाममधला हा मॉल २००५ पासून आहे, एसी आहे, होलसेल आणि किरकोळ दोन्ही चालतं. पण कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे तिथला बहुतांश माल बायकांचा आहे. पुरुषांची दुकानं आहेत, पण ती शोधावी लागतात. बहिणीने किंवा बायकोने तिथून चार पिशव्या आणल्या म्हणून तुमच्याही भरतील असं नाही. पुरुषांचे आणि लहान मुलांचे कपडे ठोकात घ्यायचे तर बोबे मार्केट आहे, पण तिथे व्यापाऱ्यांचा राबता. एका शर्टासाठी कुणी फार वेळ देत नाही.

भावाची पद्धत समजून घेतली की निम्मं काम होतं. एका नगाचा भाव वेगळा, तीन किंवा जास्त घेतले तर वेगळा. अनेक ठिकाणी तीनही एकाच डिझाइनचे असावे लागत नाहीत, त्या दुकानातले कुठलेही चालतात. म्हणून तिघं मित्र एकत्र एका दुकानात शिरले तर फायदा. टी-शर्ट साधारण १५० ते २५० बात, शॉर्ट्स २०० ते ३०० च्या घरात. दादरच्या फुटपाथवर करतो तशी निम्म्यापासून सुरुवात करू नका. दुकानदार हसून कॅल्क्युलेटर पुढे करतो, तुम्ही आकडा टाकता, दहा-वीस टक्के उतरतं आणि विषय संपतो. आवाज चढवला की तेवढंही उतरत नाही. लहान दुकानांत रोख किंवा थाई बँकांचा क्यूआर चालतो, आपलं यूपीआय चालेल असं गृहीत धरू नका.

ट्रायल रूम बहुतेक ठिकाणी नसते आणि माल परतही घेत नाहीत. थाई बाजारातलं माप आशियाई बांध्याचं असतं. इकडे एल घालणाऱ्याला तिकडे एक्सएल लागू शकतो, आणि पोट सुटलेलं असेल तर त्याहून पुढे. घरून निघताना आपल्याला नीट बसणाऱ्या शर्टाची छाती आणि खांद्याची रुंदी इंचांत मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. 'फ्री साइज' लिहिलेलं काहीही मोजल्याशिवाय घेऊ नका.

माझ्या मते पुरुषांसाठी बँकॉकमध्ये खरंच वेळ द्यावा असं ठिकाण चतुचक आहे. शनिवार-रविवारचा हा बाजार, पंधरा हजारांच्या आसपास गाळे, मेट्रोने मो चित किंवा कांफेंग फेतला उतरायचं. तिथे दोन गोष्टी मिळतात ज्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. एक म्हणजे थाई पोरांनी स्वतः डिझाइन केलेले, थोड्या संख्येत छापलेले टी-शर्ट आणि उन्हाळ्यासाठीचे पातळ लिनन-रेयॉनचे शर्ट. तिकडे बाराही महिने उकडतं, त्यामुळे गरमीचे कपडे कसे शिवायचे हे त्यांना कळतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला ते वर्षभर चालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने कपडे. वापरलेल्या जीन्स, लष्करी जॅकेट, नव्वदच्या दशकातले बँडचे टी-शर्ट, यांच्या अख्ख्या रांगा तिथे आहेत. भारतात वापरलेल्या कपड्यांची व्यापारी आयात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे हा बाजार आपल्याकडे उघडपणे वाढलेलाच नाही. भाव इथेही वाढलेत आणि 'व्हिंटेज' म्हणून नवा मालही खपवतात. शिलाई आणि लेबल बघूनच पैसे काढा.

युनिक्लोसारख्या ब्रँडसाठी बँकॉकवर अवलंबून राहायची गरज उरलेली नाही. त्यांची दुकानं दिल्लीत २०१९ पासून आणि मुंबईत २०२३ पासून आहेत. दोन्ही देशांच्या किमती त्यांच्या साइटवर दिसतात. घरी बसून त्या दिवशीच्या बातच्या भावाने गुणा, फरक शंभर-दोनशेचा असेल तर इथेच ट्रायल रूममध्ये घालून घ्या. आणि नाक्यावर ३०० बातला मिळणारा 'ब्रँडेड' टी-शर्ट ब्रँडचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

टॅक्स रिफंडचं काय?

यावर फार विसंबू नका. एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बातची खरेदी हवी, ते दुकान रिफंड योजनेत हवं, आणि फॉर्म त्याच दिवशी पासपोर्ट दाखवून घ्यायचा. बाजारातले गाळे या योजनेत नसतात, मॉलमधली मोठी दुकानं असतात. शिवाय ७ टक्के किमतीत धरलेलेच असतात, म्हणजे २,००० बातमध्ये कर जेमतेम १३० बातचा. त्यातून शुल्क कापलं की जे उरतं त्यासाठी विमानतळावर रांगेत उभं राहायचं का, ते तुम्ही ठरवा.

परतीचं वजन आणि कस्टम

स्वस्तातल्या तिकिटावर बऱ्याचदा फक्त ७ किलोचं केबिन लगेज मिळतं. टी-शर्ट दोनशे ग्रॅमच्या आत असतो, पण एक जीन्स सहाशे-सातशे ग्रॅमची. चार जीन्स आणि एक जोडी बूट घेतले की बॅग भरली. जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर परवडतं, काउंटरवर घेतलं तर कपड्यांत वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

कस्टमबद्दल अफवा फार आहेत. २०२६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे थायलंडहून विमानाने परतणाऱ्या भारतीयाला ७५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. स्वतःचे वापरातले कपडे यात धरत नाहीत. त्यावरच्या रकमेला शुल्क बसतं. साध्या कपड्यांत ही मर्यादा ओलांडणं अवघड आहे. अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. ही सवलत स्वतःसाठी किंवा भेट म्हणून आणलेल्या वस्तूंना आहे, विक्रीच्या मालाला नाही. एकाच डिझाइनचे, वेगवेगळ्या मापांचे, टॅग लागलेले पंचवीस शर्ट बॅगेत निघाले तर ते भेटवस्तू आहेत हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. इन्स्टा पेज काढून 'बँकॉक इम्पोर्टेड' विकणाऱ्यांच्या बॅगा नेमक्या अशाच भरलेल्या असतात.