आडनांव विचारणारे घरमालक

हिंजवडी, वाकड, वाघोली या पुण्याभोंवतालच्या गांवांतले आमचे कित्येक शेतकरी बांधव आज घरमालक झाले आहेत. ज्या रानांत बापानें ज्वारी पेरली, तेथें मुलानें चार मजले चढविले व दरमहा भाडें घेतो आहे. खुशाल घ्यावें! कष्टकऱ्याच्या हातांत दोन पैसे खेळूं लागले, तर आम्हांस वाईट कां वाटावें? पण खोली पाहावयास कोणी आलें, कीं आमचे हे बंधु पहिला प्रश्न करितात, "आडनांव काय?" आणि लगेच दुसरा, "म्हणजे कोणांतले?"

अहो, तुमच्या आज्यालाहि शहरांत हाच प्रश्न विचारीत होते ना? तो कांटा इतक्यांत विसरलांत?

१९१७ सालीं डॉ. आंबेडकर परदेशची विद्या घेऊन बडोद्यास नोकरीवर गेले. पदवी होती, पगार होता; राहावयास जागा नव्हती. जात लपवून पारशी धर्मशाळेंत उतरले, तर जात कळतांच लोक काठ्या घेऊन दारांत उभे राहिले. आज काठी नाहीं. "खोली कालच गेली हो," एवढें म्हटलें कीं काम भागतें.

आमच्या ओळखीच्या एका घरमालकांनीं एका परिचारिकेस असेंच वाटेला लावलें. बाईंनीं पगाराची पावती आणली होती, आधींच्या मालकाचा फोन नंबर देत होत्या. पण आडनांव पसंत पडलें नाहीं! मग "चांगल्या घराण्यांतला" एक तरुण ठेवला. घराण्यावर भरंवसा एवढा, कीं करारहि नोंदविला नाहीं. पांच महिने भाडें थकलें. मालक म्हणतात अकरा हजार ठरले, तो म्हणतो आठ. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचें कलम ५५ सांगतें, कीं करार लेखी व नोंदलेला हवा, नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अगर दोन्हीहि.

पारख करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. जरूर करा. नोकरी कोठें, पगार किती, आधींचें घर कां सोडलें, हें विचारा. ओळखीचे कागद पाहा, पोलिसांत माहिती द्या, अनामतीची पावती करा, किल्ली देतांना मीटरचा आंकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. मुदत संपूनहि न हलणाऱ्याकडून कलम २४ प्रमाणें दुप्पट रक्कम मागतां येते. पण हातांत करार पाहिजे. यांतलें आडनांवावरून काय कळतें?

"घर माझें, मी कोणासहि देईन!" असें म्हणतां. घटनेच्या १५ व्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, विहिरी यांचीं नांवें आहेत. भाड्याची खोली नाहीं. २००५ सालीं तर सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेचा सभासदत्व स्वजातीयांपुरतें ठेवणारा नियम कायम ठेवला. तेव्हां घटनेचें तें कलम तुमचा हात धरणार नाहीं, हें तुम्हीहि जाणतां.

त्या खोलीवर आतां पुन्हा "भाड्यानें देणें आहे" ही पाटी लागली आहे. परिचारिका बाई रात्रपाळी संपवून दोन बसगाड्या बदलीत लांबच्या खोलीवर जातात.